गाडगेबाबांनी दवाखान्याशेजारी धर्मशाळा का बांधली?

मोठ्या सरकारी दवाखान्यात कधी रात्र काढली आहे का? काढली असेल तर पुढचं चित्र तुमच्या ओळखीचं असेल. वॉर्डात पेशंट खाटेवर असतो. खाटेखाली डबा, पाण्याची बाटली, कपड्यांची पिशवी. आणि बाहेर व्हरांड्यात, जिन्याखाली, झाडाच्या पारावर चादर टाकून पडलेली माणसं. कुणाचा बाप आत असतो, कुणाची बायको, कुणाचं तान्हं लेकरू. पेशंटला खाट मिळते, औषध मिळतं, डॉक्टर येऊन बघतात. त्याच्यासोबत गावाहून आलेल्या माणसाची मात्र कुठेही नोंद नसते.

सत्तर वर्षांपूर्वी एका माणसानं नेमका याच माणसाचा विचार केला आणि त्याच्यासाठी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा बांधली. तो माणूस डॉक्टर नव्हता. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि सोबत मातीचं फुटकं गाडगं, एवढीच त्याची मालमत्ता. अख्खा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखतो.

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला खराटा आणि ग्रामस्वच्छता आठवते. पण त्यांचं आयुष्य रुग्णसेवेच्या बाजूनं पाहिलं, तर खराट्यापासून या धर्मशाळेपर्यंत एक सरळ वाट दिसते. ती वाट वऱ्हाडात सुरू होते.

शेंडगाव ते दापुरे

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं डेबू. घर परटाचं, म्हणजे लोकांचे मळलेले कपडे धुऊन देणाऱ्यांचं. दुसऱ्याची घाण आपल्या हातानं काढणं हे या घरात जन्मापासूनचं काम होतं.

झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं. त्या काळी बारसं असो, लग्न असो की तेरवी, दारू आणि मटण झाल्याशिवाय कार्य पार पडलं असं कुणी मानत नसे. त्यासाठी घरं कर्जात जायची. व्यसनानं झिंगराजींची तब्येत ढासळत गेली आणि १८८४ साली ते वारले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. आजारी माणूस घरात असला की घराचं काय होतं, हे त्यानं त्या वयात पाहिलं.

सखुबाई मुलाला घेऊन माहेरी गेल्या. हे गाव होतं दापुरे, अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातलं. तिथे डेबू गुरं राखायला लागला, पुढे शेतीत तरबेज झाला. मामा चंद्रभानजींची जमीन सावकाराच्या कर्जात गेली, तेही त्यानं डोळ्यांनी बघितलं. शाळेत जायची संधी काही मिळाली नाही.

१८९२ मध्ये डेबूजींचं लग्न कुंताबाईंशी झालं. पुढे मुलीच्या बारशाला त्यांनी रूढी मोडली. पाहुण्यांना दारू-मटण न देता गोड जेवण वाढलं. भावकी नाराज झाली. पण ज्या गोष्टीनं बाप गेला, ती गोष्ट लेकीच्या बारशाला ताटात वाढायची नाही, एवढं त्यांचं पक्कं होतं.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजी घर सोडून निघून गेले. आई, बायको आणि लेकरं मागे राहिली. पुढची बारा वर्षं त्यांनी भटकंतीत घालवली. लोक देतील ते खायचं, मिळेल तिथे झोपायचं आणि गावात शिरलं की आधी खराटा हाती घ्यायचा. त्यांच्याजवळच्या गाडग्यामुळे लोकच त्यांना गाडगेबाबा म्हणायला लागले.

खराट्याचा आणि आजाराचा संबंध

बाबा गावात आले की रस्ते, नाल्या, पाणवठ्याची जागा झाडून काढायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. लोकांना वाटायचं, हा साधूचा विक्षिप्तपणा आहे. प्रत्यक्षात त्या काळात गावाला मारणारा सगळ्यात मोठा शत्रू याच नालीत आणि पाणवठ्यावर बसलेला होता.

तो शत्रू म्हणजे पटकी, म्हणजेच कॉलरा. पटकीचे जंतू आजारी माणसाच्या जुलाबातून बाहेर पडतात, पाण्यात मिसळतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातात. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं हे जंतू १८८३-८४ मध्ये शोधले, म्हणजे डेबू लहान असतानाच. पण ती माहिती गावातल्या माणसापर्यंत पोचायला अनेक वर्षं लागली. तोवर जत्रा भरली की पटकी आणि पटकी आली की देवीचा कोप, असंच लोक समजत होते. पंढरपूरसारख्या यात्रांमधून परतणाऱ्या लोकांबरोबर ही साथ गावोगाव जायची.

इथे थोडं वऱ्हाडाबाहेर बघू. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला तुर्कस्तानात गेल्या. तिथल्या इस्पितळात सैनिक गोळीपेक्षा जुलाब आणि तापानं जास्त मरत होते. १८५५ मध्ये स्वच्छता पथकानं इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. त्या अनुभवावरून नाइटिंगेलबाईंनी आयुष्यभर एकच गोष्ट समजावली. स्वच्छ हवा, स्वच्छ पाणी, उजेड, धुतलेलं अंथरूण, वेळेवर अन्न आणि शांत झोप, यांशिवाय औषधाचा उपयोग अर्धाच होतो.

नाइटिंगेल आणि गाडगेबाबा यांची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता. बाबांनी त्यांचं नाव ऐकलं असण्याचीही गरज नाही. पण एक बाई इस्पितळाच्या वॉर्डात जे करत होती, तेच काम वऱ्हाडातला हा परीट गावाच्या रस्त्यावर करत होता. आजारी माणसाची खोली झाडणं ही शुश्रूषा असेल, तर आजार येण्याआधी गाव झाडणं ही त्याच शुश्रूषेची पहिली पायरी आहे.

ऋणमोचनची जत्रा

अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौष महिन्यात तिथे जत्रा भरते. बाबांच्या कामाची सुरुवात इथूनच झाली. नदीवर जायला धड वाट नव्हती. म्हातारी माणसं, बायका, लेकरं चिखलात घसरून पडायची. बाबांनी लोकवर्गणी आणि श्रमदानातून घाट बांधायला घेतला.

जत्रेच्या कडेला आणखी एक गर्दी असायची. आंधळे, पांगळे आणि कुष्ठरोगी. त्या काळी कुष्ठरोग्याला महारोगी म्हणत आणि त्याची सावलीही लोक टाळत. घरच्यांनी बाहेर काढलेली ही माणसं भिकेवर जगायची. बाबांनी त्यांच्या पंगती बसवल्या, त्यांना अन्न-वस्त्र दिलं. कुष्ठरोगावर गुणकारी गोळ्या तोवर निघाल्या नव्हत्या. त्या १९४० च्या दशकात आल्या. म्हणजे ज्या आजारावर वैद्याकडेही उतारा नव्हता, त्या आजाराच्या माणसाला पोटभर जेवण, अंगावर धड कपडा आणि चार माणसांत बसायला जागा देणं हीच तेव्हा करता येण्यासारखी सेवा होती.

पुढे याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारून कुष्ठरुग्णांना घर आणि काम दिलं. वऱ्हाडाच्या मातीत ही परंपरा रुजली, त्यात ऋणमोचनच्या पंगतींचाही वाटा आहे.

रात्रीच्या कीर्तनात बाबा प्रश्न विचारून लोकांना बोलतं करायचे. नवसाला बकरं कापून लेकरू बरं होतं का, कर्ज काढून तेरवी करायची का, अशी त्यांची चर्चा वऱ्हाडी बोलीत चालायची. लोक हसायचे आणि हसता हसता ओशाळायचे. देवऋषी, अंगारे-धुपारे आणि गंडेदोरे यांच्या नादात आजारी माणसाचा मोलाचा वेळ जातो, हे त्यांनी शास्त्रातले शब्द न वापरता गावाला समजावलं.

गोविंदा

१९२३ साली आजारपणानं बाबांच्याच घरावर घाला घातला. त्यांचा मुलगा गोविंदा पिसाळलेलं कुत्रं चावल्यानं गेला. बाबा त्या वेळी कोकणात कीर्तन करत होते. निरोप आला, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट सांगताना लोक त्यांच्या वैराग्याबद्दल बोलतात. आपण क्षणभर आजाराबद्दल बोलू.

रेबीज हा असा आजार आहे की लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. हातात असतो तो चावा आणि लक्षणं यांमधला वेळ. लुई पाश्चरनं १८८५ मध्ये रेबीजची लस पहिल्यांदा माणसाला दिली. भारतात १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला उपचार केंद्रं निघाली. पण लस म्हणजे तेव्हा रोज एक याप्रमाणे पोटात घ्यायची बरीच इंजेक्शनं होती आणि त्यासाठी केंद्रापर्यंत पोचून तिथे राहावं लागे. गरिबाला औषधापेक्षा तिथवर जाणं आणि तिथे राहणंच महाग पडायचं.

आजही कुत्रं चावलं तर पहिला उपचार घरातच होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट असं काही भरायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे घरातल्या माणसाला माहीत असणं आणि त्यानं वेळ न दवडणं, यावर जीव ठरतो. रुग्णसेवेचं ज्ञान फक्त पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला असून भागत नाही, ते इथे कळतं.

धर्मशाळा बांधणारा बेघर माणूस

बाबांना स्वतःचं घर नव्हतं, पण त्यांनी हजारो लोकांच्या डोक्यावर छप्पर दिलं. पंढरपुरात वारीला येणाऱ्या दलितांना कुणी ओसरीवर उभं करत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर इथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखोंच्या देणग्या त्यांच्या हातून गेल्या, पण या वास्तूंवर त्यांनी आपल्या नातेवाइकांचा हक्क ठेवला नाही. स्वतः मात्र बाबा शेवटपर्यंत भाकरतुकडा मागून खात राहिले. १९५२ मध्ये या सगळ्या कामांसाठी गाडगेबाबा मिशन स्थापन झालं.

तीर्थक्षेत्री धर्मशाळा असते, हे आपल्याला नवीन नाही. बाबांनी एक पाऊल पुढे टाकलं. तीर्थाला जाणारा माणूस आपल्या इच्छेनं घर सोडतो. दवाखान्याची वाट धरणाऱ्याला नाइलाजानं निघावं लागतं. गावात उपचार होत नाहीत म्हणून तो गाय विकून, अंगावरचं डोरलं मोडून मुंबईला येतो. तिथे त्याचं ओळखीचं कुणी नसतं.

मुंबईचं जे. जे. रुग्णालय १८४५ पासून गरिबांचा आधार आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पेशंट तिथे यायचे. १९५४ साली बाबांनी या रुग्णालयाजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. त्या वेळी त्यांचं वय ७८ होतं.

पेशंटजवळच्या माणसाला झोप का हवी?

यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. चार भिंती आणि छप्पर, त्याचा उपचाराशी काय संबंध? हा संबंध समजायला नर्सिंग म्हणजे काय ते बघावं लागेल.

नर्सचं काम म्हणजे इंजेक्शन आणि सलाईन, असा आपला समज असतो. पण तिच्या कामाचा मोठा भाग आहे लक्ष ठेवणं. सकाळी नीट बोलणारा पेशंट दुपारी गुंगीत का आहे? श्वास कालपेक्षा जोरात चाललाय का? दिवसभरात लघवी किती झाली? पाठीचा लालसर डाग वाढतोय का? यातल्या कुठल्या बदलाकडे दुर्लक्ष केलं तर चालेल आणि कुठल्या बदलासाठी डॉक्टरला झोपेतून उठवायचं, हे ठरवणं म्हणजे नर्सचा निर्णय. तो पुस्तकानं आणि अनुभवानं मिळून तयार होतो.

अडचण एकच, तिला पेशंट फार असतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिनामागे एक. प्रत्यक्षात वॉर्डात काय असतं, ते आपण सगळे बघतो. मग पेशंटला पाणी कोण पाजतं? घास कोण भरवतं? भांडं कोण देतं, अंग कोण पुसतं? खाटेला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते रात्री दोन वाजता कोण करतं? बहुतेक वेळा सोबतचा माणूसच.

या माणसाकडे एक गोष्ट अशी असते, जी नर्सकडे नसते. पेशंट धडधाकट असताना कसा होता, हे त्याला माहीत असतं. आई आज वेगळीच वाटते, हे वाक्य नर्सला त्याच्याकडूनच मिळतं. पण तो माणूस तीन रात्री झोपलेला नसेल, आंघोळ झालेली नसेल, वडापाववर दिवस काढत असेल, तर त्याला बदल दिसणार कसा? तो पेंगतो. औषधाची वेळ चुकते. न धुतलेल्या हातानं घास भरवला जातो. शेवटी तोच आजारी पडतो आणि एकाचे दोन पेशंट होतात.

सोबतच्या माणसाला कामाला लावलं तर काय होऊ शकतं, याचा मोठा पुरावा बाबांनंतर पंधरा वर्षांनी मिळाला. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचं पाणी पिंपात कालवलं आणि ते पाजायचं काम पेशंटच्या नातेवाइकांवर सोपवलं. आई, बहीण, नवरा कपानं पाणी पाजत बसले. मृत्यूचं प्रमाण साधारण शेकडा तीसवरून चारच्या खाली आलं. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो, ते जगभर पोचण्यात या छावणीचा मोठा हात आहे. डॉक्टरनं प्रमाण सांगितलं, पण जीव वाचवला उशाशी बसलेल्या माणसानं.

हे पाहिलं की जे. जे. जवळच्या धर्मशाळेचा अर्थ बदलतो. आंघोळीला पाणी, पाठ टेकायला जागा आणि चार तासांची झोप मिळालेला माणूस वॉर्डात परत जातो, तेव्हा पेशंटला एक ताजा पहारेकरी मिळतो. त्या दृष्टीनं ती इमारत दवाखान्याचाच एक वॉर्ड होती.

शेवटचे दिवस

बाबांनी दवाखाना खाटेवरूनही अनुभवला. १९४९ मध्ये ते मुंबईत आजारी असताना डॉ. आंबेडकर दोन घोंगड्या घेऊन त्यांना भेटायला आल्याची आठवण सांगितली जाते. एरवी कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या ठेवून घेतल्या.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे इथे त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं आणि आजही ऐकायला मिळतं. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं निधन झालं. बाबा तेव्हा आधीच थकलेले होते. ते वऱ्हाडात परतले होते. तब्येत बिघडल्यावर त्यांना अमरावतीला नेण्यात येत होतं. वाटेत वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, २० डिसेंबर १९५६ च्या मध्यरात्रीनंतर त्यांनी गाडीतच प्राण सोडला. दवाखान्यात जाणाऱ्या वाटेवरच्या माणसांसाठी ज्यानं निवारा बांधला, त्याचा शेवटही दवाखान्याच्या वाटेवरच झाला. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे.

आज काय उरलं?

त्यांच्या नावानं २००० च्या सुमारास राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. अमरावती विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. त्यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्या सोबतीनं आजाऱ्याला औषधोपचारही आहे. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घ्यायला आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये गावी जाऊन येणं ज्याला परवडत नाही, त्याला अशी जागा नसेल तर उपचार अर्धवट सोडावा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात कुणाला भेटायला जाल, तेव्हा पेशंटसाठी फळं न्या, पण सोबतच्या माणसाकडेही बघा. तो किती वेळ जागा आहे ते विचारा. त्याला दोन तास मोकळं करा आणि तोवर तुम्ही खाटेजवळ बसा. बसण्याआधी हात साबणानं धुवा. पाणी पाजायचं की नाही, हे सिस्टरला विचारून घ्या. पेशंटमध्ये काही वेगळं वाटलं, तर लाजू नका, लगेच सांगा.

गाडगेबाबांची आठवण ठेवायची हीसुद्धा एक रीत आहे. त्यासाठी खराटाही लागत नाही.